हिरव्या पायांचा करकोचा

बादली आणायला म्हणून कोठीच्या खोलीत शिरलो आणि माझ्याच गोष्टीच्या पायांना अडखळलो. पाय हिरवे होते. औषधाच्या दुकानाच्या पाटीचा असतो तसा हिरवा, देवाने कुठल्याही पानाला न दिलेला. जुन्या जाळ्या, मोडकं वल्हं, जलपर्णी ओढायचे लोखंडी पंजे, कुणाचे तरी जोडी हरवलेले गमबूट, ह्या ढिगाखालून ते दोन पाय बाहेर आले होते आणि मी ते ओळखले. माणूस आपला चोरीला गेलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर ओळखतो तसे. गोणपाट उचललं. तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं पांढरं कापड, त्यावर रंगाचा पातळ हात, पंखांच्या कडा काळ्या, चोच लांब आणि तांबडी, मान जराशी डावीकडे. 'मान डावीकडे, जशी कुणीतरी हाक मारली आहे आणि ओ द्यावी की नाही ह्या विचारात आहे.' हे माझं वाक्य. इतकी वर्षं तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ते ऐकवत आलो. आज दुपारी नव्या लपणाच्या उद्घाटनालाही तेच ऐकवणार होतो. लपण म्हणजे पक्ष्यांना न दिसता पक्षी बघायची, भिंतींना फटी ठेवलेली लाकडी खोली. तिच्याच पायऱ्या धुवायला बादली हवी होती. करकोचा माझ्याकडे बघत होता. त्याचा डोळा म्हणजे सदऱ्याचं काळं बटण. बाहेर पाणकोंबड्या भांडत होत्या, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, आणि मला वाटलं, ही खोली वर निघाली आहे, एकेक मजला मागे पडतो आहे, आणि कळ माझ्या हातात राहिलेली नाही.

मजल्यांचं मी बोलतो ते उगाच नाही. सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेली. आठ मजल्यांची कचेरी, जाळीच्या दाराची लिफ्ट, स्टुलावर मी. तळापासून आठव्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात माझी गोष्ट संपायची, आणि तिसऱ्यावर उतरणाऱ्यालाही रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, असा माझा नेम. एक कारकून लिफ्टमध्ये झोपला, वर-खाली होता होता निवृत्त झाला आणि त्याचे पेन्शनचे कागद मीच त्याला पाचव्या-सहाव्याच्या मध्ये सहीला दिले, ही गोष्ट इतकी चालली की साहेब लोक मुद्दाम पाचव्याला उतरायचे विसरत. लोक मला आठमजली म्हणू लागले. पुढे बटणाची लिफ्ट आली, तिच्यात एक न दिसणारी बाई मजल्यांचे आकडे सांगू लागली. तिच्या तोंडी एकही खोटं नाही, म्हणूनच तिच्याशी कुणी बोलत नाही. मी घरी बसलो. घरी बायकोचं शिवणकाम. मशीनच्या खडखडाटात गोष्ट ऐकू येत नाही हे तिचं सुख आणि माझं दुःख. "अहो, सकाळची हवा चांगली असते," ती म्हणायची, आणि हातात चहाचा थर्मास देऊन दार लावून घ्यायची.

म्हणून मी तळ्याकडे जाऊ लागलो. तेव्हा त्याला तळं म्हणायला छाती लागत होती. शहराने वर्षानुवर्षं तिथे आपला कचरा ओतला होता. तळ्याच्या बाई म्हणून जिला आता सगळे ओळखतात, ती पक्ष्यांचं शिकून आलेली मुलगी, तिने वस्तीतल्या लोकांना धरून तो कचरा उपसायला लावला, बुजलेला ओढा मोकळा केला, काठाला लव्हाळे आणि पाणकणीस लावलं. रोपं चिखलात धरून ठेवायला काथ्याच्या पिशव्या लागत. त्या वस्तीतल्या बायकांनी शिवल्या, माझ्या बायकोनेही. मी लांबून बघत होतो. पाणी आलं, पण काळं. पक्षी म्हणाल तर कावळे, तेही जुन्या ओळखीने येत. मध्येच टेलिफोनचा एक जुना खांब होता, त्याच्या टोकावर बाईने बैलगाडीचं चाक आडवं ठोकून ठेवलं होतं, कुणा मोठ्या पक्ष्याने घरटं करावं म्हणून. लोक हसायचे. मीही हसलो, घर बांधून ठेवलं की भाडेकरू येतोच असं थोडंच आहे. आणि एका सकाळी धुकं होतं, असं की हात लांब केला तर बोटं सुटी झाल्यासारखी वाटावीत. काठावर उभा होतो, थर्मासचं झाकण हातात. धुकं मध्येच फाटलं आणि त्या चाकावर तो उभा होता. पांढरा. मान डावीकडे. पाय हिरवे. हलला नाही, उडाला नाही, माझ्यासाठी काही म्हणजे काही केलं नाही. आणि मला, ज्याने चिमणी बघितली तर गरुड सांगायचा, त्या मला त्याच्यात काही घालावंसं वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी होती तशी बघितली. चहा सदऱ्यावर सांडला ते घरी गेल्यावर कळलं.

त्याच दिवशी शाळेच्या दालनात सभा होती. अर्धवट साफ झालेलं ते पाणी बुजवून तिथे ट्रक उभे करायचे, असं वर कुठेतरी ठरत आलं होतं, आणि महापालिकेचे साहेब वस्तीला विचारायला आले होते, म्हणजे सांगायला. "पक्षी तरी येतात का इथे?" साहेबांनी विचारलं. सगळे चपलांकडे बघू लागले. मी उठलो. "येतात," म्हणालो, आणि पुढे शब्दच येईना. त, त, प, प. "एक... पांढरा... खांबावर..." मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो आठमजली, उतरायचा मजला आला!" सगळं दालन हसलं, साहेबही हसले. आणि तेव्हा बायकांच्या रांगेतून माझी बायको उठली. चारचौघांत जिने कधी तोंड उघडलं नव्हतं, ती. म्हणाली, "ह्यांचं खोटं मी जन्मभर ऐकत आले. चेहऱ्यावरून ओळखते. आज हे खोटं बोलत नाहीत." एवढंच बोलली आणि बसली. मग एकाने काठावर कासव बघितल्याचं सांगितलं, एकीने बेडकांचा आवाज परत येऊ लागल्याचं, आणि लोकांना तोंडं फुटत गेली. तळं राहिलं. पण मी ते ऐकतच नव्हतो. मला ऐकू येत होतं ते एकच वाक्य, आणि त्या वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं जगलो, हे आज गोणपाट हातात धरून उभा असताना कळत होतं. जिने माझा एकही शब्द कधी खरा मानला नाही, तिने माझ्यासाठी साक्ष दिली. लग्न झाल्यानंतर इतक्या वर्षांनी माझं लग्न झालं, असं मला त्या रात्री वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी खांब रिकामा होता. गेला असेल, पाहुणा होता, परत येईल. मी रोज सकाळी जाऊ लागलो. बायको रोज थर्मास भरून देऊ लागली, आता न सांगता. पाणी निवळलं, खरंच निवळलं. लव्हाळे माणसाएवढे झाले, खंड्या आला, बदकं आली, राखी बगळे काठावर वसुलीला आल्यासारखे उभे राहू लागले, उन्हात कासवं लाकडावर ओळीने बसू लागली आणि चतुर माझ्याच टोपीवर. जो जीव येई त्याची लोक मला बातमी देत, घरात मूल झाल्यासारखी. करकोचा मात्र आला नाही. तो फक्त मला दिसलेला. पाहुण्यांतले जाणकार माझी गोष्ट ऐकून हसत: "काका, करकोच्याचे पाय तांबडे असतात." मी सांगायचो, "असतील. ह्याचे हिरवे होते." "तुम्ही पण ना!" ते म्हणायचे. बाकी सगळं ते मानत, पाय तेवढे माझ्या पदरचे समजत. आणि मी मनात म्हणायचो, मूर्खांनो, त्या एका गोष्टीत मी काहीच घातलेलं नाही. सापडलेलं नाणं बाळाने मुठीत धरावं तसे मी ते हिरवे पाय धरून ठेवले. कुणी पुस्तक उघडून दाखवलं तर मी पुस्तकावर दया करायचो.

"बादली काय विहिरीतनं काढतोयस काय?" दारात पेंटर उभा होता. जुना मित्र, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला, आता लपणाच्या पाटीवर शेवटचा हात मारत होता. त्याने माझ्या हातातला पक्षी बघितला आणि खुलला. "अरे, हा जिवंत आहे अजून? ये रे ये, म्हाताऱ्या!"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हणजे? बाईने करून घेतला होता ना. आपल्यातलाच एक बसलेला दिसला की खरे उतरतात म्हणे. एक सकाळ टिकला चाकावर, मग तारा सुटल्या आणि पडला. मीच रंगवला. चोच झाली आणि तांबडा संपला. मग औषधवाल्याच्या पाटीचा हिरवा उरला होता तो फासला. म्हटलं, वरून उडणाऱ्याला पाय कुठे दिसतायत!" तो हसता हसता थांबला. "तू असा काय बघतोयस?"

"मला खरा वाटला होता," मी म्हणालो.

"बस कर लेका. माझ्यापुढे नको."

"पेंटर, मला खरा वाटला होता."

पेंटरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या खिशातून काही काढून घेतलं आहे. "म्हणजे ती थाप नव्हती?" हळू आवाजात म्हणाला. "सभेत तू तोतरा बोललास ते... मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आठमजलीला सलाम! काय नाटक केलं! कापडाचा पक्षी दाखवून साहेबाला मामा बनवला. तुझी सगळ्यात भारी थाप ती, अरे. बाहेर मी कुणाला बोललो नाही, तुझ्या शब्दाला बट्टा नको म्हणून. आणि तू..." तो ओशाळला. ब्रश पुसत राहिला, कोरडा ब्रश. म्हणजे माझ्या एकुलत्या एका खऱ्याला माझा मित्र इतकी वर्षं उत्तम खोटं समजून मान देत आला होता, आणि आता ते खोटं नव्हतं म्हटल्यावर मी त्याच्या नजरेतून उतरलो होतो. ह्याच्यावर हसायला मला एरवी एक मजलासुद्धा लागला नसता.

तो गेल्यावर मी पक्षी उजेडात नेला, आणि तिथे दुसरी पायरी निसटली. रंगाखाली, पोटाजवळ, फिकट निळी किनार होती. शिवण पोटाच्या बाजूने गेली होती आणि शेवटी उलट फिरून एक आडवा टाका, कुलूप लावल्यासारखा. माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या बगलेत तो टाका आहे. किनारही माझ्या ओळखीची. आमची पांढरी चादर, दोरीवरून नाहीशी झालेली. "वाऱ्याने गेली," बायको म्हणाली होती, आणि मी लगेच तिची गोष्ट केली होती: चादर उडत उडत वर गेली, तिथे ढगांत एक जागा रिकामी होती, ती तिला मिळाली, आता महिनाभर आपल्या वस्तीवर सावली पडते ती आपल्याच घरची. बायको तेव्हा पोट धरून हसली होती. तिला एवढं हसताना मी क्वचितच बघितलं. आता कळलं ती कशाला हसली. चोरावर मोर म्हणतात तो हा. मी चादरीचा ढग केला, तिने करकोचा.

घरी गेलो तेव्हा ती मशीनवर होती. पक्षी तिच्या पुढ्यात ठेवला. मशीन थांबलं. तिचा हात आपसूक त्या शिवणीवर गेला, टाका अजून धरून आहे का ते चाचपायला. कारागिराची जात! नवऱ्याचा गळा केसाने कापला तरी आधी टाका बघणार.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"सभेत उठलीस तेव्हा?"

"हो."

"आणि म्हणालीस, हे खोटं बोलत नाहीत."

"मग काय चुकीचं बोलले? नव्हतातच बोलत." तिने मान वर केली. "अहो, जन्मात पहिल्यांदा तुम्ही तसे दिसलात. तुमचे ओठ थरथरत होते. बाईने मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं, काही नाही. मीच उठले. लोक तुम्हाला हसले, ते मला बघवलं नाही."

"आधी का नाही सांगितलंस, असला पक्षी करतेय म्हणून?"

"तुम्हाला? सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याने अंडी घातली असती."

मला हसू आलं, आणि ते आलं ह्याचा संताप आला. "आणि नंतर? रोज सकाळी थर्मास भरून दिलास. मी कापडाची वाट बघत उभा राहायचो, आणि तू इथे..."

"सांगणार होते," ती म्हणाली. "त्याच रात्री. पण तुम्ही झोपलाच नाहीत, इतके खूश. म्हटलं उद्या. उद्याला कालची लाज चिकटली. मग दर दिवसाची वेगळी. मग वाटलं, जातायत, तळं बघतायत, चार माणसांत बोलतायत, काय बिघडलं?" आणि आवाज उतरवून: "माझ्याशीसुद्धा त्या दिवसापासून नीट बोलायला लागलात. ते मला घालवायचं नव्हतं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बोटांनी सुताचा एक कण गोळा करत राहिली. मला दिसत होतं की ती खरं बोलते आहे. आणि तेच नको होतं. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात. मी तर इतकी वर्षं पोटभर जेवलो, ढेकर दिली, आणि आता कुणी सांगत होतं की ताट रिकामंच होतं. जेवलेलं कुठे गेलं मग? तिच्या एका वाक्यावर मी माणूस म्हणून उभा राहिलो होतो. वाक्य तसंच होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. फक्त मी त्यात नव्हतो. ती माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत होती, मी जे बघितलं त्याच्यावर नाही. आणि मला वाटत आलं होतं की ती माझ्या डोळ्यांनी बघते आहे. पक्षी काखेत मारला आणि निघालो. "कुठे?" तिने विचारलं. "जागेवर ठेवायला," मी म्हणालो.

माझा बेत साधा होता. उद्घाटनाला सगळे लपणात जमतील, नव्या दुर्बिणीला पहिला डोळा कोण लावतो म्हणून ढकलाढकली होईल, आणि समोर खांबावर करकोचा! ओरडतील, टाळ्या पिटतील. तेव्हा मी म्हणेन, पाय बघा पाय. आणि सगळं सांगेन. बाईला, पेंटरला, पहिल्या रांगेतल्या माझ्या बायकोला ऐकू जाईल असं. एकदा तरी माझ्या गोष्टीने कुणालातरी खाली पाडावं. काठाला बांधलेली छोटी डोंगी सोडली, जलपर्णीतून वाट काढत खांबाशी गेलो. बाईच्या लोकांनी चढायला ठोकलेल्या खुंट्यांवरून ह्या वयात कसा चढलो विचारू नका. सांगितलं तर तुम्ही मानणार नाही. पक्ष्याचे तारेचे पाय चाकाच्या आऱ्यांना बांधले. मग डोंगी लव्हाळ्यात घुसवून बसलो. काठावर अजून खुर्च्या मांडणंच चाललं होतं, सगळ्यांच्या पाठी पाण्याकडे. उन्हाने पाण्याचा वास वर येत होता, कुजलेला आणि ताजा एकाच वेळी. मी वर बघितलं. मला माहीत होतं ते कापड आहे, चादर आहे, पाटीचा हिरवा आहे; आणि तरी ती मान डावीकडे कललेली दिसली आणि आत काहीतरी त्याच जागी हललं. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

सावली पडली. ढग असेल म्हटलं. सावलीला पंख होते. ती एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि चाकाच्या दुसऱ्या कडेवर एक करकोचा उतरला. खरा. कसा ओळखला म्हणाल, तर तो सुंदर नव्हता. छातीवर चिखल, एक पीस मोडलेलं. आणि पाय तांबडे, पुस्तकात असतात तसे, पण त्यांच्यावर त्याची स्वतःचीच विष्ठा वाळून चुन्यासारखी बसलेली. हे मला सुचलं नसतं. आठव्या मजल्यापर्यंत विचार करूनही सुचलं नसतं. त्याने मान मागे टाकली आणि चोच चोचीवर आपटून खडखडाट केला, अगदी माझ्या जुन्या लिफ्टचं जाळीचं दार सरकावं तसा. कापडाच्या पक्ष्याने ओ दिली नाही. त्याने पुन्हा खडखडाट केला, थांबला, पुन्हा केला. मला वाटलं ओरडून सांगावं त्याला, अरे बाबा, जा, तुला फसवलंय. मग त्याने कापडाच्या पोटाला चोच लावली, ओढली. टाका तुटायला तयार नव्हता, माझ्या बायकोचा टाका. त्याने पाय रोवले, हिसका दिला, शिवण उसवत गेली, आणि निळ्या किनारीची एक लांब पट्टी चोचीत घेऊन तो उठला. घरट्याला चिंध्या लागतात त्यांना. लव्हाळ्यावरून, बगळ्यांवरून, खुर्च्या मांडणाऱ्यांच्या पाठींवरून आमची चादर वर वर गेली आणि पलीकडच्या झाडांत दिसेनाशी झाली. बघणारा मी एकटा.

मग वर चढून कापडी पक्षी सोडवला आणि डोंगी काठाला आणली. बायको धक्क्यावर उभी होती, घरचीच साडी, चपला उलटसुलट, धापा टाकत. तिने डोंगीची दोरी धरली. मागे बाई हाक मारत होत्या, "काका, या ना, सगळे थांबलेत, तुमची गोष्ट आहे!" पेंटर पाटीआड तोंड लपवून उभा होता.

"काय सांगणार आहात?" बायकोने विचारलं. तिचा आवाज सुईसारखा बारीक झाला होता.

"दर वेळी सांगतो तेच. धुकं, खांब, हिरवे पाय."

तिने श्वास सोडला. मग तिची नजर पक्ष्यावर गेली. उसवलेल्या पोटातून तारा दिसत होत्या. तिने दोन्ही कडा बोटांत धरून बघितल्या. "माझी शिवण अशी उसवत नाही. आणि कापड कुठे गेलं? पट्टी आहे ही एवढी."

"वाऱ्याने गेली," मी म्हणालो.

पाण्यावर एक तरंग नव्हता. लव्हाळ्याचं पातं हलत नव्हतं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, जन्मभर बघत आली तसं, आणि मी तो तिच्यापुढे धरला, बघ म्हटलं, हवा तेवढा बघ. मी खोटं बोलतो आहे हे तिला लगेच कळलं. खरं काय, ते मात्र तिला तिथे सापडेना. ती बघतच राहिली, आणि मी तिच्या हातातून दोरी घेतली, डोंगी खुंट्याला बांधली आणि गोष्ट सांगायला वर गेलो.